मिहोचे बूट आणि अनसूयाबाईंचा उंबरठा

नागपूरहून निघालो तेव्हा गाडीत आम्ही तिघं होतो आणि मिहोच्या मांडीवर एक डबा होता. जांभळ्या कापडात गाठ मारून बांधलेला तो डबा तिनं थेट जपानातल्या ओकायामाहून आणला होता. विमानात तो पायाशी ठेवला नव्हता, आणि आता बुटीबोरीच्या पुढच्या खड्ड्यांतही ती त्याला कलू देत नव्हती. सीटचा पट्टा तिनं स्वतःला नाही लावला तरी चाललं असतं, डब्याला मात्र लावला असता.

सुदर्शन गाडी चालवत होता. हा माझा जुना विद्यार्थी. मी नागपुरात जपानी शिकवते. नवऱ्याच्या नोकरीपायी काही वर्षं जपानात काढली, परत येताना तिकडची भांडी आणि तिकडची भाषा घेऊन आले. भांडी फुटली, भाषा टिकली. सुदर्शनचं गाव पेनगंगेपलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथ मंडलात (मंडल म्हणजे तिकडचा तालुकाच म्हणा). घरची शेती कापूस आणि सोयाबीनची. तो स्वतः ओकायामाजवळच्या एका कारखान्यात यंत्रं जुळवतो आणि मिहो तिथंच यंत्रांचे आराखडे काढते. दोघांना लग्न करायचं होतं, पण सुदर्शनची आई हो म्हणाली तरच.

"सेन्सेई," त्यानं मला आधीच सांगून ठेवलं होतं (सेन्सेई म्हणजे गुरुजी किंवा बाई), "आई नाही म्हणाली तर विषय संपला. मिहोचंही तेच म्हणणं आहे. मनाविरुद्ध उघडलेल्या दारातून ती आत जाणार नाही."

आता आई आणि मिहो यांच्यामध्ये दुभाष्या म्हणून मुलगा असताना माझी गरज काय, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण आईनं फोनवरच मुलाला बजावलं होतं, "तुह्यावर माहा भरोसा नाई. तू तिच्या बाजूनं गोड करून सांगशीन. खरं सांगणारं माणूस घेऊन ये. ते पोरगी जे बोलन, ते जसंच्या तसं मले कळलं पायजे." खरं सांगणारं माणूस म्हणून त्याला मी आठवले. माझा स्वभाव फटकळ आहे आणि त्याबद्दल मुलं माझ्या मागं काय बोलतात तेही मला ठाऊक आहे. त्यामुळे हा मान ऐकून मी हुरळले आणि लगेच हो म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

पांढरकवडा मागं पडलं. दसरा तोंडावर आला होता. दोन्हीकडे सोयाबीन पिवळं पडून वाळत होतं आणि कापसाची पहिली बोंडं कुठंकुठं फुटत होती. रस्त्याच्या कडेला बाया सीताफळांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. पाटणबोरीला चहा घेतला. मिहोनं सीताफळ खाल्लं, बिया हातरुमालात जमा केल्या आणि रुमाल पिशवीत ठेवला. समोर मोकळं रान होतं. मी म्हटलं, "अगं टाक." ती म्हणाली, "पण हे रान कुणाचं तरी असेल ना?"

पेनगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र संपून तेलंगण सुरू होतं. पाट्या मराठीतून तेलुगूत जातात, बाकी शेतं तीच, माणसं तीच. पाट्यांचंही काही खरं नव्हतं. तेलंगण वेगळं होऊन फार काळ झालेला नव्हता आणि आता या दसऱ्याला आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे व्हायचे होते. पुलालगतच्या चौकात रंगारी शिडीवर चढून जुनं नाव खरवडत होता आणि खाली उभी चारपाच माणसं त्याला, आपण कोणत्या जिल्ह्यात गेलो, असं विचारत होती. रंगाऱ्याला कुठून माहीत असणार!

पूल ओलांडताच मिहोनं घड्याळ पाहिलं आणि सुदर्शनला गाडी थांबवायला सांगितली. जपानात कुणाच्या घरी वेळेआधी जाणं वाईट समजतात. यजमानाची तयारी चालू असते, बाईच्या हाताला पीठ असतं, अशा वेळी दारात उभं राहून तिला लाजवायचं नाही. ठरल्या वेळेनंतर मिनिटभरानं, दोन मिनिटांनी जायचं. आम्ही अकराला पोचतो म्हणून कळवलं होतं आणि अजून बराच वेळ होता. म्हणून आम्ही पुलापाशी एका बाभळीखाली थांबलो. मिहोनं केस नीट केले, डबा पुसला, आणि खालच्या पाण्याकडे पाहत राहिली.

"भीती वाटते का?" मी विचारलं.

"वाटते," ती म्हणाली. "माझ्या आजीनं सांगितलंय, कुणाच्या घरात पहिली तीन मिनिटं नीट वाग, म्हणजे पुढची तीस वर्षं सोपी जातात."

आजीला हे ठाऊक नव्हतं, की इथं तीन मिनिटं पुलापासूनच सुरू होतात. सुदर्शनच्या गावचा एकजण सायकलीवरून जाताना आम्हाला पाहून गेला. आम्ही घरी पोचायच्या आत अनसूयाबाईंना, म्हणजे सुदर्शनच्या आईला, निरोप मिळाला होता, की गाडी पुलावर येऊन उभी हाय, पण पोरगी घराकडं येऊनच नाई राह्यली.

घर कौलारू, समोर सारवलेलं अंगण, त्यात ठिपक्यांची रांगोळी. अनसूयाबाई सकाळपासून दारातच असाव्यात. उंच, सडसडीत, हिरवं लुगडं, आणि नजर अशी की शाळेत असत्या तर मुख्याध्यापक झाल्या असत्या. शेजारी सुदर्शनचे वडील तुळशीरामजी, पांढरंशुभ्र धोतर, तोंडभर हसू. पाय धुवायला बादली आणि तांब्या तयार होता.

मिहोनं कमरेतून वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "ओजामा शिमासु."

अनसूयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणून राह्यली?"

आता हे जपानी घरात शिरतानाचं नेहमीचं वाक्य आहे. आपण 'येऊ का?' म्हणतो तसं. पण जसंच्या तसं सांगायचं कबूल केलं होतं ना! मी सांगितलं, "ती म्हणते, मी तुमच्या घरात अडथळा आणते आहे."

"अडथळा?" अनसूयाबाई म्हणाल्या. एवढंच.

मिहो पुढं झाली. तिनं घराकडे तोंड करून बूट काढले, उंबरठ्यावर पाय न ठेवता तो ओलांडून आत आली, मग जरा तिरकी होऊन गुडघ्यांवर बसली, बूट उचलले, फिरवले, आणि टाचा घराकडे, टोकं रस्त्याकडे अशा बेतानं कडेला सरळ रेषेत ठेवले. जपानी घरात वाढलेलं मूल हे बोलायच्या आधी शिकतं. यजमानाकडे पाठ करून बूट काढायचे नाहीत, आणि निघताना पुन्हा खुडबुड नको म्हणून ते आधीच फिरवून ठेवायचे. मी कौतुकानं पाहिलं. सवयीनं मीही माझ्या चपला तशाच फिरवून ठेवल्या. अनसूयाबाईंनी दोन्ही जोडांकडे एकदा पाहिलं आणि आत गेल्या.

मग डब्याची पाळी. मिहोनं कापडाची गाठ सोडली, कापड घडी करून बाजूला ठेवलं, डबा अनसूयाबाईंच्या बाजूला सरळ येईल असा वळवला, दोन्ही हातांनी पुढं केला आणि मान खाली घालून म्हणाली, "त्सुमारानाइ मोनो देसु गा."

मी मनात म्हटलं, मेले. पण सांगावं तर लागणारच. "ती म्हणते, ही वस्तू अगदीच क्षुल्लक आहे, पण..."

"क्षुल्लक हाय तं एवढ्या लांबून आणली काऊन?" अनसूयाबाई म्हणाल्या. तुळशीरामजी मोठ्यानं हसले, सुदर्शननं कपाळाला हात लावला. मिहो मात्र उजळली, कारण अनसूयाबाईंनी डबा न उघडता तसाच आत नेऊन देवापुढं ठेवला. जपानातही भेटवस्तू देणाऱ्याच्या समोर फोडत नाहीत. "सेन्सेई," ती माझ्या कानात म्हणाली, "इथं सगळं आमच्यासारखंच आहे."

जेवायला बसलो. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा, कच्चा कांदा आणि पुंटीकूर (अंबाडीच्या पाल्याची आंबट भाजी, हे नाव तेलुगू). भाकर चुलीवरून थेट ताटात पडत होती. इतकी चवदार जेवणं मी फार थोडी जेवले आहे, आणि असं अवघडून तर कधीच जेवले नाही. जपानात पाहुण्यानं आग्रहाला दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, अशी रीत. आदिलाबादेत तिसऱ्यांदा घेतलं की चौथ्यांदा वाढतात. शिवाय ताटात कण ठेवणं हा मिहोच्या लेखी रांधणाऱ्या हाताचा अपमान, आणि रिकामं ताट दिसणं हा अनसूयाबाईंच्या लेखी घराचा अपमान. दोघी एकमेकींचा मान राखत होत्या आणि त्यात ती पोरगी लाल होत चालली होती. शेवटी तुळशीरामजींनीच बायकोला थांबवलं. "अवो, पोरीले श्वास तं घेऊ द्या. ते काय आपला बैल हाय का पोळ्याचा?"

दुपारी तुळशीरामजी आम्हाला शेतावर घेऊन गेले. बांधावर बसून त्यांनी सुदर्शनला, कंपनीत काय करतोस, जपानात कापूस होतो का, असं बरंच विचारलं. मग मिहोकडे वळून माझ्यामार्फत सांगू लागले. "इले सांगा बाई, माहा आजा निजामाच्या राज्यात जन्मला. माहा बाप मोठा झाला हैदराबाद राज्यात. मी शाळेत गेलो तवा आंध्र होतं. आता तेलंगण हाय, आन या दसऱ्याले जिल्हाबी बदलून राह्यला. आमी मातर याच बांधावर हावो. आमी कोठी गेलो नाई, सरकारच येऊन जाऊन राह्यलं. मोजणीच्या कागदावर अजून 'मौजा' लिहितात, दुकानात तेलुगू बोलतो, घरात मराठी. आमाले कोणी इचारलं तुमी कोठचे, तं आमी म्हणतो, घरचे."

मिहोनं हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाली, "माझं नाव, माझा पत्ता, सगळं बदलेल. मलाही असंच कुणीतरी विचारेल. तेव्हा मी हेच उत्तर देईन. चालेल का?"

मी सांगितलं. तुळशीरामजींनी एक फुटलेलं बोंड तोडून तिच्या हातात दिलं. म्हातारा गहिवरला होता, ते दडवायला तो विनाकारण बैलांवर ओरडला. मला वाटलं, चला, अर्धी लढाई जिंकली.

पण लढाई त्यांच्याशी नव्हतीच. परत आलो तर अनसूयाबाई मागच्या अंगणात चुलीपाशी बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "बसा बाई. तुमाले इचारतो." (इकडे बायकाही 'मी करतो, मी येतो' असंच म्हणतात. पहिल्यांदा कानाला खटकतं, मग गोड वाटतं.)

मी बसले.

"ते पोरगी रायणार नाई," त्या म्हणाल्या.

"असं कसं म्हणता?"

"मी आयकलंबी, पायलंबी. गाडी पुलावर आली, पुढं आली नाई. बाजूच्या गावची असती तरी धावत आली असती. दारात आली तं म्हणे अडथळा. हातात डबा दिला तं म्हणे क्षुल्लक. ते सोडा, ते तोंडचं बोलणं हाय. पण चपला? घरात पाय टाकला नाई टाकला, तं जोडे वाटेकडं तोंड करून ठेवले. जो येतो त्याचे जोडे घराकडं पायतात. ज्याले जायचं हाय तोच आधी फिरवून ठेवतो. माहा एकच पोरगा हाय बाई. तो समुद्राच्या पल्याड हाय ते मले चालते. वर्षातून एकदा दारात येते. पण बायको अशी भेटली, की दारात आल्याबरोबर जायचं पायते, तं तोबी तसाच होईन. मग मी कोणाची वाट पाहू?"

त्या रडत नव्हत्या. चुलीतलं लाकूड मागं ओढत बोलत होत्या. त्यांच्याबद्दल मला तोवर थोडी अढी होती, ती तिथंच गेली. मी त्यांना समजावू लागले. जपानात ही रीत आहे, हे चांगल्या वळणाचं लक्षण आहे, निघताना यजमानाला तिष्ठत ठेवायचं नाही एवढाच त्यात हेतू, जायची घाई नाही. मी अगदी वर्गात शिकवते तशी शिकवत होते.

अनसूयाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्याबी चपला तशाच हायेत बाई. मी पायल्या. तुमी तिच्या बाजूच्या झाल्या."

मला राग आला. खरं बोलणारी म्हणून बोलावलं आणि खरं बोलले तर ही परीक्षा! "बाई, मी कुणाच्याच बाजूची नाही," मी जरा चढ्या आवाजात म्हटलं. "पण तुम्ही पोरीचे जोडे पाहिलेत, पोरगी पाहिली नाहीत." बोलले आणि जीभ चावली. त्या मात्र चिडल्या नाहीत. "उद्या जैनथच्या देवळात जाऊ," एवढंच म्हणाल्या. "मंग सांगतो."

सुदर्शनला मी यातलं काही बोलले नाही. तो चेहरा वाचायचा प्रयत्न करत होता, मी चेहरा फिरवत होते.

जैनथचं देऊळ जुनं, काळ्या दगडाचं. सकाळचं ऊन कोवळं होतं आणि दगड गार. त्या दिवशी गर्दी बऱ्यापैकी होती, दाराशी चपलांचा ढीग पडलेला, कुणाची कुणावर, उलटी, सुलटी. आम्ही आत गेलो, दर्शन घेतलं. अनसूयाबाईंनी बराच वेळ हात जोडले. काय मागितलं ते देवाला ठाऊक, आणि थोडंसं मलाही. बाहेर येताना लक्षात आलं, की मिहो आपल्याबरोबर नाही.

ती पायरीशी होती. गुडघ्यांवर बसून चपला लावत होती. फक्त तिचे बूट नव्हेत, सगळ्यांच्या. म्हाताऱ्यांच्या कातडी वहाणा, पोरांच्या रबरी चपला, बायकांच्या टाचेच्या, कुणाचा एक अंगठा तुटलेला जोड. जोडीला जोड शोधून, टोकं बाहेरच्या बाजूला करून, पायरीच्या कडेनं सरळ ओळी लावल्या होत्या. माणसं भोवती जमली होती. एक गृहस्थ देवळातून आले आणि ढीग दिसेना म्हणून गोंधळून ओरडू लागले, "ना चेप्पुलू एक्कडा?" (माझ्या चपला कुठं गेल्या?) मग समोरच आपला जोड पायात घालायच्या बेतात सज्ज ठेवलेला दिसला. त्यांनी नुसता पाय सरकवला आणि चालू लागले. चार पावलांवर थांबले, मागं वळून मिहोकडे पाहिलं आणि हात जोडले.

सुदर्शन लाजेनं चूर झाला होता. "मिहो, हे काय!" तो पुढं होऊ लागला. अनसूयाबाईंनी त्याचा दंड धरून थांबवलं. त्या पाहत होत्या. मिहोच्या हातात आता त्यांच्याच वहाणा होत्या, रोज शेतात जाणाऱ्या, टाच झिजलेल्या. मिहोनं त्यांच्यावरची धूळ ओंजळीनं झटकली, वहाणा फिरवल्या आणि सगळ्यात पुढं, पायरीच्या अगदी मधोमध ठेवल्या.

"इले इचारा," अनसूयाबाई मला म्हणाल्या, "हे काऊन करून राह्यली. जसंच्या तसं सांगा."

मी विचारलं. मिहो उभी राहिली, तिचे हात मळले होते. "आत सगळे प्रार्थना करत होते," ती म्हणाली. "बाहेर येताना मन शांत असतं. तेव्हा चप्पल शोधावी लागली तर ते मोडतं. आमच्या घरी पाहुणे आले की त्यांचे बूट फिरवायचं काम माझं होतं. आई म्हणायची, जाणाऱ्याला शेवटचा त्रास आपल्या घरात होऊ नये."

मी एक शब्दही इकडचा तिकडे न करता सांगितलं. या वेळी काही सोपं करायची गरजच नव्हती.

अनसूयाबाई पायरी उतरल्या. वहाणांत पाय घातले. न शोधता, न वाकता. चार पावलं चालून पाहिल्यासारखं केलं. "जाणाराचा तरास," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. गाडीत बसून सबंध वाट त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. हो की नाही, काही कळेना.

घरी आलो. दुपारी निघायचं होतं. तुळशीरामजींनी देवापुढचा डबा आणून उघडला. आत भगरीसारख्या धान्याच्या पिठाचे लहान मऊ गोळे होते, ओकायामाची खासियत, नाव किबी दांगो. त्यांनी एक तोंडात टाकला. "हे तं आपल्या घरच्यासारखं लागते! क्षुल्लक कोण म्हणे?" अनसूयाबाईंनी एक घेतला, हळूहळू खाल्ला, आणि उरलेले गोळे ताटलीत काढून डब्यात तिळाचे लाडू भरून डबा पुन्हा जांभळ्या कापडात बांधला. गाठ मिहोनं मारली होती तशीच जमवली. दुसऱ्याचं भांडं रिकामं पाठवत नाहीत, ही रीत जपानातही आहे. इथलीही तीच आहे हे मी मिहोला सांगायला गेले, तर तिचे डोळे आधीच भरलेले. पण डबा भरणं ही पाहुणचाराची रीत झाली. होकार नव्हे. सुदर्शनलाही ते कळत होतं, तो पांढरा पडला होता.

अनसूयाबाईंनी मिहोला पाटावर बसवून कुंकू लावलं. माझ्याही कपाळाला लावलं. मग म्हणाल्या, "चला. उशीर होऊन राह्यला तुमाले."

संपलं, मी मनात म्हटलं. सुदर्शन बॅगा घेऊन बाहेर गेला. मिहो दाराशी गेली, बूट घालायला वाकली आणि थबकली.

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. काल कडेला फिरवून ठेवलेले, आज देवळातून आल्यावरही तिनं तसेच नीट फिरवलेले तिचे बूट आता उंबरठ्यासमोर मधोमध होते, आणि त्यांची टोकं घराकडे होती. धूळ पुसलेली. आम्ही आत असताना कुणीतरी ते फिरवले होते.

मिहोला वाटलं, चुकून झालं असेल. ती सवयीनं ते सरळ करायला लागली.

"राहू दे," अनसूयाबाई आतून उंबरठ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. "तशेच घाल."

हे भाषांतर करावं लागलं नाही. मिहोनं वर पाहिलं. ते बूट तसेच घालायचे, तर रस्त्याकडे पाठ करून आणि घराकडे तोंड करून उभं राहावं लागत होतं. ती तशी उभी राहिली. एक हात चौकटीला, समोर अनसूयाबाई, दोघींच्या मधे हातभर अंतर. नाडी बांधायला अडचण होत होती, वेळ लागत होता. अनसूयाबाई घाई करत नव्हत्या.

"इले सांगा बाई," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "इची आई जाणाराले सोपं करून देते. चांगलं हाय. देवळात मले चांगलं वाटलं. पावण्याचं तसंच करा लागते. पण ही काय पावणी हाय? इले मी सोपं काऊन करून देऊ? माह्या घरातून इले जायाले तरास झाला पायजे. आन यायाले होऊ नये."

आयुष्यभर भाषा शिकवली, आणि नेमक्या वेळी वाक्य एकसंध जुळेना. तुकड्यातुकड्यांत सांगितलं. मिहोनं ऐकलं, दोन्ही हात अनसूयाबाईंच्या पायांशी नेले आणि बराच वेळ उठली नाही. अनसूयाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. अंगणात सुदर्शन बॅगा हातात धरून तसाच उभा होता, खाली ठेवायचं त्याला सुचतच नव्हतं. तुळशीरामजी बैलांवर ओरडायला गोठ्याकडे गेले.

मग मी माझ्या चपला शोधल्या. त्या कडेला होत्या, मी ठेवल्या होत्या तशाच, टोकं रस्त्याकडे, सरळ, आणि पुसलेल्या. मी अनसूयाबाईंकडे पाहिलं. त्या पहिल्यांदाच हसल्या. "तुमी पावण्या हा," त्या म्हणाल्या. "तुमाले सोपं करून देल्लं."

मी झटकन पाय सरकवले. खरंच, अगदी सोपं गेलं.

गाडी वळणावर येईपर्यंत दोघं नवराबायको अंगणाच्या तोंडाशी उभी होती. मिहो मागच्या काचेतून त्यांना पाहत राहिली. पूल आला. चौकात रंगाऱ्याची शिडी तशीच होती, पाटीवर नवं नाव अर्धं लिहून झालं होतं. पाण्याकडे पाहत मिहो म्हणाली, "सेन्सेई, आमच्याकडे निघताना शेवटी यजमानाला आपली पाठ दिसते. लहानपणापासून मला ते खटकायचं. आज पहिल्यांदाच तसं झालं नाही."

संध्याकाळी नागपूरला घरी पोचले. कुलूप उघडलं, चपला काढल्या आणि सवयीनं फिरवायला वाकले. दुसऱ्यांच्या घरात नीट कसं वागावं हे मी इतकी वर्षं शिकवते आहे. आपल्या घरात ते कुणासाठी करते, हे मला कुणी विचारलं नव्हतं. त्या तशाच राहू दिल्या, घराकडे तोंड करून, आणि आत जाऊन दिवा लावला.